उशिरा उठणारा आवाज

आमच्या ऑफिसात तिला सगळे सासूबाई म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात. तिचं लग्न झालेलं नाही, वयही माझ्याएवढंच. पण आम्ही जीव ओतून केलेल्या कामात खोट शोधायची आणि ती चारचौघांत सांगायची, हीच तिची नोकरी. नाव मीच ठेवलं, तेही रागाच्या भरात. तिनं ते हसत घेतलं आणि आता मेलखाली सहीसुद्धा तशीच करते.

मी लॅपटॉपसाठी ड्रायव्हर लिहितो. लॅपटॉपमधला प्रत्येक भाग, म्हणजे पडदा, कीबोर्ड, स्पीकर, आपापल्या परीनं आडमुठा असतो. त्याला कामाला लावणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. माझ्याकडे आवाजाचं खातं आहे. फर्मवेअर त्याच्याही खालचं, मशीन उठताना सगळ्यात आधी जागं होतं ते. यातलं काहीही बदललं की ते आधी सासूबाईच्या खोलीत जातं, आणि तिची सही झाल्याशिवाय एकाही गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही.

तिच्या खोलीत भिंतीला लागून लांब टेबलं आहेत आणि त्यांवर ओळीनं लॅपटॉप, बहुतेक मिटलेले. तिचं म्हणणं असं की लॅपटॉप काम करताना सहसा बिघडत नाही, तो बिघडतो झोपताना नाहीतर उठताना. हलकी झोप, गाढ झोप, बॅटरी संपत आल्यावरची झोप, सगळ्यांची तऱ्हा वेगळी. ती दिवसभर मशीनं झोपवते, उठवते आणि मिटलेल्या मशीनवर उलटा हात ठेवून बघते. गरम लागलं तर ते झोपेचं सोंग घेतंय. त्या खोलीत शिरलं की माणूस आपसूक हळू बोलायला लागतो.

तिच्या चाचण्यांना नंबर नाहीत, नाती आहेत. 'आत्या' म्हणजे किती वाजले ते बघायला झाकण उघडायचं आणि लगेच मिटायचं. 'काका' म्हणजे ढीगभर गोष्टी चालू ठेवून झाकण धाडकन आपटायचं आणि मशीन पिशवीत कोंबायचं. 'मामी' आधी वायर उपटते, मग झाकण लावते. 'जावई' कशालाच हात लावत नाही, मशीन उघडं टाकून निघून जातो आणि ते बिचारं आपलं आपण झोपी जातं. ही सगळी माणसं खरी आहेत, तिच्या नात्यातली. कुणाच्या घरी गेली की गप्पा सोडून ती लोक लॅपटॉप कसा मिटतात ते बघत बसते. माझ्या ड्रायव्हरला काकांनी किती वेळा परत पाठवलंय, ते मोजणं मी सोडून दिलं आहे.

आता माझ्या दादाबद्दल सांगतो. दादा शाळेत गणित शिकवायचा. मागच्या वर्षी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला, आणि तो काही परत यायचा नव्हता. आता दादा टाइप करतो आणि लॅपटॉप बोलतो. लॅपटॉप आमच्याच कंपनीचा, छोटा आणि हलका, मी आणून दिलेला. गळ्यात अडकवलेल्या पट्ट्यावर लाकडी फळी, फळीवर लॅपटॉप, असं घेऊन तो घरभर फिरत बोलतो. 'हो', 'नाही', 'का बरं?', 'पुन्हा सांग' हे शब्द त्यानं एकेका बटणावर तयार ठेवले आहेत. बाकीचं तो इतकं भरभर टाइप करतो की वहिनी म्हणते, पूर्वीपेक्षा आता जास्तच बोलतात.

पण मशीन झोपून उठलं की आवाज उशिरा उठायचा. पडदा लगेच उजळायचा, अक्षरं उमटायची, आवाज मात्र सावकाश दहापर्यंत मोजून व्हावं इतक्या वेळानं. माणसं तेवढी थांबत नाहीत. दादानं बटण दाबलेलं असायचं आणि समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. दुकानात, बँकेत, नातेवाइकांत, सगळीकडे तेच. त्याचं उत्तर यायचं तेव्हा ते कुणालाच नको असायचं, आणि दादा कसनुसं हसायचा. मला ते बघवत नव्हतं. शिवाय आवाजाचा ड्रायव्हर माझाच होता.

त्यातच शाळेचा निरोप आला. मुख्याध्यापिकांनी कळवलं होतं, सोमवारी या, पाचवीच्या वर्गावर ओळीनं तीन तास घ्या, मी मागे बसेन. जमलं तर वर्ग तुमचा, नाही जमलं तर ऑफिसात तुमच्याजोगतं काहीतरी काम बघू. 'काहीतरी काम' म्हणजे काय, ते दादाला आणि वहिनीला बरोबर कळलं होतं. वर्ग गेला तर दादाचं काय उरेल हा विचार मी करत नव्हतो, कारण करवत नव्हता.

मी झपाटल्यासारखा बसलो आणि ड्रायव्हर नव्यानं लिहिला. झाकण उघडायचा अवकाश, आवाज हजर! शुक्रवारी तो सासूबाईच्या खोलीत गेला. आत्या पास, मामी पास, जावई पास, इतकंच काय, काकासुद्धा पास. मी दारातच नाचायचा बाकी होतो.

"कर सही," मी म्हणालो.

"नाही करत."

"अगं, सगळे पास आहेत!"

"कुणासाठी केलंस हे?"

"माहितेय तुला. दादासाठी."

"मग दादा कुठाय यात? माझी आत्या आहे, माझे काका आहेत. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केलास, तोच नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुला कुणाचं चांगलं बघवत नाही, हे त्यातल्या त्यात सभ्य वाक्य. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं? उद्या दुपारी येते तुमच्याकडे. दादांच्या मशीनवर तुझं नवीन टाकून ठेव."

दादा आणि मी एकाच इमारतीत राहतो, तो खालच्या मजल्यावर. शनिवारी दुपारी ती आली, चहा घेतला आणि दादासमोर खुर्ची ओढून बसली. मला वाटलं, आता पिशवीतून मोजायची यंत्रं निघणार. तसलं काहीच निघालं नाही. ती नुसती गप्पा मारायला लागली.

"दादा, तुम्हाला गणित आवडतं तरी कसं हो? मला शाळेत गणिताच्या बाई दिसल्या तरी पोटात दुखायचं."

दादाची कळी खुलली. तो बोलत राहिला, ती विचारत राहिली. दर वेळी झाकण उघडताक्षणी आवाज येत होता, आणि वहिनी मला डोळ्यांनी खुणावत होती, भावजी, छान झालंय. मी पण मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो. सासूबाईचं लक्ष दादाच्या बोलण्याकडे कमी आणि हातांकडे जास्त होतं.

"दादा, एक विचारू? मी बोलायला लागले की तुम्ही झाकण खाली घेता. पूर्ण मिटत नाही, मध्ये बोट ठेवता. ते कशाला?"

मी बघितलं. खरंच, डाव्या हाताचं एक बोट मध्ये ठेवून दादानं झाकण मिटत आणलं होतं. मी वर्षभर रोज त्याच्यासमोर बसत होतो आणि मला वाटायचं, बॅटरी वाचवतोय, कारण तेवढं मिटलं तरी मशीन झोपतं.

दादानं झाकण उघडलं, टाइप केलं, आणि मशीन म्हणालं, "उघडं ठेवलं की समोरचा माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघतो. त्याला वाटतं मला बोलायची घाई झालीय. मग तो आपलं बोलणं अर्धवट सोडतो."

"तोंड उघडं ठेवून कुणी ऐकतं का?" वहिनी म्हणाली. तिला हे आधीपासून ठाऊक होतं.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला रागच येतो. "मग मी झाकण मिटल्यावर झोपणंच बंद करून टाकतो," मी म्हणालो. "प्रश्नच मिटला."

"आणि बॅटरी?" सासूबाई म्हणाली. "एवढंसं मशीन, एवढीशी बॅटरी. तीन तास सलग जागं राहिलं तर दुसऱ्या तासातच वायर लावावी लागेल. मग सर भिंतीपाशी बांधून ठेवल्यासारखे उभे."

दादानं जोरजोरात मान हलवली. त्याला बाकांमधून फिरायचं होतं. वर्गात एका जागी उभं राहून शिकवलेलं त्याला कधीच चाललं नाही.

"बरं," ती खुर्ची आणखी पुढे ओढत म्हणाली, "आता आपण भांडू या. दादा, मला सांगा, सगळे हिशेब फोन करतो, मग पोरांना गणित शिकवून छळायचं कशाला?"

दादाचं रक्तच उसळलं. त्यानं उत्तर दिलं, तिनं ते अर्ध्यात तोडलं. त्यानं झाकण खाली घेतलं, ती काहीतरी खवचट बोलली, त्यानं झटक्यात उघडलं. दोघंही हमरीतुमरीवर आली. वहिनी हसून हसून लाल झाली, आणि इतक्या दिवसांनी दादाला असं कडाकडा भांडताना बघून मलाही भरून आलं.

आणि मग त्यानं झाकण उघडलं, बटण दाबलं, आणि काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा दाबलं. टाइप केलं. पडद्यावर अक्षरं दिसत होती, मशीन मुकं होतं. दादाचे ओठ हलायला लागले, पूर्वी बोलताना हलायचे तसे. वहिनी हसता हसता थांबली आणि उठून उभी राहिली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आलेला दादा मी पाहिला होता. पहिल्यांदा बोलायला गेला तेव्हा त्याचा जो चेहरा झाला होता, तोच मला पुन्हा दिसला.

सासूबाई त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली. "दादा, हे मी मुद्दाम घडवून आणलं. परवा मुलांसमोर होण्यापेक्षा आज माझ्यासमोर झालेलं बरं. पण वाईट वाटलं असेल, त्याबद्दल माफ करा."

 दादानं मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. आवाज आल्यावर पहिलं वाक्य आलं ते असं, "भांडण अर्धवट राहिलंय. फोनला पाढे कुणी शिकवले?"

खोट माझीच होती, आणि ती मला जिना चढेपर्यंत कळली. जुना ड्रायव्हर उठताना दर वेळी आवाजाच्या चिपला विचारायचा, जागी आहेस ना? आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबायचा. सगळा वेळ जायचा तो त्यातच. मी हुशारी केली. चिप काय करतेय ते मला ठाऊकच आहे असं धरून चाललो आणि विचारणंच काढून टाकलं. झाकण घाईघाईत खालीवर झालं की चिप झोपायला निघालेली असायची, आणि माझा ड्रायव्हर तिला जागी समजून बोलत सुटायचा.

रविवारी आम्ही दोघं सासूबाईच्या खोलीत होतो. मी दुरुस्ती करत होतो, ती तपासत होती. झाकण उघडमीट करायला तिच्याकडे यांत्रिक हात आहे, पण त्याला बोट मध्ये ठेवता येत नाही. म्हणून ती स्वतः बसली. डावं बोट मध्ये, झाकण खाली, झाकण वर, बटण. मशीन म्हणायचं, "का बरं?" पुन्हा झाकण खाली, वर, बटण. "का बरं?" कधी सावकाश, कधी झटक्यात, कधी चालता चालता, कधी वायर लावून, कधी काढून. दुपारनंतर तिचं मनगट सुजलं तेव्हा तिनं हात बदलला. मी म्हटलं, बास कर आता. ती म्हणाली, दादांचा हात तीन तास चालणार आहे. या कामाबद्दल तिचं कुणी कौतुक करत नाही. काही बिघडलं नाही की तिनं काय केलं ते कळतच नाही, आणि बिघडलं की सगळे तिला विचारतात. तरी ती एका जेमतेम ओळखीच्या माणसाच्या बोटासाठी सुटीचा दिवस घालवत होती. त्या दिवशी मला तिचं खरं मोठेपण कळलं आणि ते तिला सांगायची मला हिंमत झाली नाही.

नवा ड्रायव्हर चालला. दुपारभर चालला. आणि संध्याकाळी एकदा, फक्त एकदा, मशीन मुकं राहिलं.

"एकदाच!" मी ओरडलो. "दिवसभरात एकदा!"

"का झालं ते सांग, मी सही करते."

मला सांगता येईना. मी सगळं चाळलं, कपाळ बडवून घेतलं, पण सांगता येईना. ते पुन्हा घडेना आणि का घडलं तेही कळेना.

"अगं, उद्या आहे त्याचा वर्ग. जुन्यावर गेला तर दर उत्तराला पोरं दात काढतील. बाई मागे बसून बघणार आहेत."

"म्हणून तर," ती म्हणाली. "चल, त्यांनाच विचारू. आवाज त्यांचा आहे."

दादाच्या घरी तिनं काहीही न लपवता सांगितलं. नवा लगेच बोलतो, पण एखाद्या वेळी मुका होतो, आणि का ते आम्हाला माहीत नाही. जुना दर वेळी उशीर करतो, पण दर वेळी बोलतो. वहिनी माझ्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे.

"माझ्या जागी तुम्ही काय न्याल?" मशीननं विचारलं.

"जुना," सासूबाई म्हणाली. "उशीर झाला तर माणूस सांगू शकतो की उशीर होतो. मुकं झालं तर तेही सांगता येत नाही."

दादानं माझ्याकडे बघितलं, मग टाइप केलं. "तुझं काम चांगलं आहे रे. अजून झालेलं नाही एवढंच."

मी माझ्याच हातानं माझा नवा ड्रायव्हर काढला आणि जुना टाकला. तिचा मला भयंकर राग आला होता. ती चुकलेली असावी अशी माझी मनापासून इच्छा होती, आणि ती चुकलेली नाही हेही मला दिसत होतं.

सोमवारी मी शाळेत वर्गाबाहेर उभा होतो. सासूबाईही रजा टाकून आली होती. दाराला काचेची पट्टी होती, त्यातून दादा दिसत होता. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"नमस्कार," मशीन म्हणालं. "माझा आवाज या डब्यात राहतो. मी ऐकायला लागलो की तो झोपतो, आणि हाक मारली की लगेच उठत नाही. तुम्ही तरी कुठे उठता?"

मुलं हसली. दादानं फळ्यावर गणित लिहिलं आणि एका मुलीकडे बोट केलं. झाकण खाली गेलं. तिनं उत्तर सांगितलं. झाकण वर आलं, त्यानं बटण दाबलं, आणि शांतता. सासूबाईनं माझी बाही घट्ट धरली.  तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिलाही भीती वाटते. दादाचा वर्ग गेला असता तर तो हिच्या सल्ल्यानं गेला असता.

आत कुणीतरी फिदीफिदी हसलं, कुणीतरी बाक वाजवला. ती मुलगी उभीच होती. सर काही बोलत नाहीत बघून ती फळ्याकडे वळली, मग म्हणाली, "थांबा, थांबा सर, चुकलं. वजाबाकी आधी करायला हवी, नाहीतर उरलेले दोनदा धरले जातात." ती खाली बसतेय तोवर आवाज उठला आणि म्हणाला, "का बरं?"

वर्ग खो खो हसला. का ते तिनं आधीच सांगून टाकलं होतं. दादाही हसला, पोट धरून, आवाज न करता.

त्यानंतर मुलांना खेळच सापडला. दादानं झाकण उचललं की डबा उठायच्या आत आपलं उत्तर पुन्हा एकदा तपासायचं. कुणी चुकलं असेल तर शेजारचा सांगायचा, दोघं वाद घालायचे, तिसरा फळ्याकडे धावायचा. दादा बाकांमधून फिरत थांबायचा, मान कलती करून वाट बघायचा. तिसऱ्या तासाला तर झाकण वर गेलं की अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, आणि त्या शांततेत पोरं विचार करत असायची. दादाचे पूर्वीचे तास मी ऐकले होते. ते चांगले असायचे, पण असे कधीच नव्हते.

घंटा झाली आणि मुख्याध्यापिका बाहेर आल्या. "ते मध्ये असे थांबतात ना," त्यांनी आम्हाला विचारलं, "ती पद्धत त्यांनी मुद्दाम बसवली आहे का? फार छान वाटलं मला."

मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"नाही मॅडम," सासूबाई म्हणाली. "आवाजाचा ड्रायव्हर जुना आहे, तो उशिरा उठतो. नव्यात एक खोट आहे, ती अजून सापडली नाही. सापडली की आवाज लगेच येईल."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. बाईंनी काचेतून आत बघितलं. दादाभोवती पोरांचा गराडा पडला होता, सगळी एकदम बोलत होती, आणि झाकणात बोट धरून तो ऐकत होता.

"मग सावकाश शोधा," बाई म्हणाल्या. "वर्ग उद्यापासून त्यांचा आहे. पोरांना आता कुठे थांबायची सवय लागतेय."

त्या गेल्यावर सासूबाई तिथेच पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मी तिच्याशेजारी बसलो. तिचं सुजलेलं मनगट मी हातात घेतलं आणि म्हणालो, "चुकलो मी." तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "कुठे?"